ओल्या कापडातली बारकी

मास्तरांच्या पुतळ्यांच्या कारखान्यात त्याला सगळे टिंब्या म्हणत. नाव कामावरून पडलं होतं. मास्तर आधी मातीत अर्धपुतळा करत, मग त्याचं प्लास्टरचं डोकं निघे, आणि ते डोकं संगमरवरात उतरवायचं काम टिंब्याचं. प्लास्टरवर पेन्सिलीनं टिंबं काढायची, तीन टेकूंची पितळी चौकट त्यावर बसवायची, तिची सरकती सुई एकेका टिंबाला टेकवायची. मग तीच चौकट दगडावर चढवायची आणि सुई जिथं थांबेल तिथपर्यंत दगड पोखरायचा. एका डोक्याला सात-आठशे टिंबं. एक टिंब चुकलं की गालाला खळगा पडणार, आणि दगडाला काही परत मांस चढवता येत नाही. टिंब्याचं टिंब कधी चुकलं नाही. सव्विसाव्या वर्षीच त्याच्या पाठीला बाक आला होता, भुवया कायम पांढऱ्या असायच्या, आणि दिवसभरात तो मोजून दहा वाक्यं बोले.

मास्तर तेव्हा मोठे झाले नव्हते. अडतिशीचे होते, हात फार गोड होता, आणि डोक्यात एकच खूळ होतं: प्राचीन पुतळ्यांसारखे पुतळे. गिऱ्हाईक कुणीही असो, न्यायाधीश असो नाहीतर लाकडाचा व्यापारी, मास्तर त्याचा कोट उतरवत आणि खांद्यावरून एक कापड सोडत. डोळ्यांत बुबुळं काढायची नाहीत, नुसते कोरे गोल ठेवायचे. ते म्हणत, "बुबुळ काढलं की माणूस आजचा होतो. मला तो कायमचा करायचाय." कारखान्यात दगड घासून गुळगुळीत करणारा एक म्हातारा होता, सगळे त्याला घासकाका म्हणत. तो व्यापाऱ्याचं टक्कल घासता घासता म्हणायचा, "यांच्या अंगावर चादर टाकली की हे सम्राट. आपल्या अंगावर टाकली की आपण आजारी." टिंब्या गालातल्या गालात हसे आणि पुढचं टिंब धरे.

टिंब्याचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. खाली आईचं इस्त्रीचं दुकान, वर दोन खोल्या. वडील नव्हते. घरात आई, तो आणि त्याची धाकटी बहीण. ती एकोणीस वर्षांची झाली तरी घरात आणि गल्लीत बारकीच राहिली होती. बारकी तोंडाळ होती. इस्त्रीचे कपडे पोचवायला जाई तिथे दोन शब्द सुनावून येई, आणि लोक हसून घेत. तिघांचंही नाक एकाच मापाचं होतं, मधोमध हाड वर आलेलं. बारकी म्हणायची, "आपल्या घरात चोर शिरला तरी अंधारात नाकावरून आपण आपल्याला ओळखू."

त्या वर्षी मोठं प्रदर्शन होतं. तिथे मानाचं पदक मिळालं की माणूस जन्माचा तरला, असं मास्तर वर्षभर घोकत होते. पण हाताशी काय, तर जाड गालांचे व्यापारी. अशातच एके सकाळी बारकी मास्तरांचे शर्ट घेऊन दारात उभी राहिली. मास्तरांनी शर्ट घेतले नाहीत. तिची हनुवटी दोन बोटांत धरून त्यांनी तिचं तोंड इकडून तिकडे वळवलं, बाजारात मडकं वळवून बघावं तसं.

"मान बघ," ते टिंब्याला म्हणाले.

"काय झालंय मानेला?" बारकीनं विचारलं.

"काही झालेलं नाही. तेच तर."

आईला ते पसंत नव्हतं. तिनं टिंब्याला फक्त एवढंच विचारलं, "तू असशील ना तिथे?"

"असेनच की. माझंच ठिकाण आहे ते."

"मग जाऊ दे."

बैठका थंडीच्या दिवसांत सुरू झाल्या. मातीला ऊब लागली की ती तडकते, म्हणून त्या खोलीत शेगडी पेटवायची नाही, हा मास्तरांचा जुना नियम. बारकीला उंच स्टुलावर बसवलं, मान हलू नये म्हणून मागे लोखंडी टेकू लावला, खांद्यावरून पातळ मलमल सोडली. पण मास्तरांना सुट्या घड्या नको होत्या. प्राचीन पुतळ्यांचं कापड अंगाला चिकटलेलं असतं, कातडीसारखं. ते म्हणाले, "भिजव." आणि पाण्याचा जग टिंब्याच्या हातात दिला.

टिंब्यानं पाणी घातलं. दर अर्ध्या तासानं कापड सुटायला लागे, आणि तो परत घाले. पहिल्या दिवशी बारकी हसली. म्हणाली, "दादा, झाडाला घालतोस तसं घालतोयस. फूल येणार का मला?" चौथ्या दिवशी तिनं हळूच विचारलं, "कोमट टाक ना जरा."

टिंब्यानं मास्तरांकडे पाहिलं.

"गारच," मास्तर म्हणाले. त्यांनी मातीवरची नजरसुद्धा काढली नाही. "अंगावर काटा आला की मान ताठ राहते. कोमट पाण्यानं ढिली पडेल. मग मी काय करू, उकडलेली कोंबडी?"

टिंब्यानं गार पाणी घातलं. याला कारणं होती. मास्तरांच्या शब्दाबाहेर जायची सवय नव्हती, हे एक. दुसरं त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. मातीतली बारकी त्याला दिसत होती. इतकं सुंदर काम त्यानं त्या खोलीत कधी पाहिलं नव्हतं, आणि ते आपण दगडात उतरवणार या विचारानं त्याचे हात शिवशिवत होते. काम पुरं व्हावं असं मास्तरांइतकंच त्यालाही वाटत होतं.

बारकी दातावर दात आपटू नयेत म्हणून जीभ मध्ये धरायला शिकली. "मास्तर, माझं नाक तेवढं आहे तसं ठेवा हं," ती एकदा म्हणाली. मास्तर म्हणाले, "बोलू नकोस. गळा हलतो."

बाविसाव्या बैठकीला तिला ताप होता. टिंब्याच्या हाताला तो लागला, पाणी घालताना खांद्यातून वाफ निघाल्यासारखं वाटलं. तो म्हणाला, "मास्तर, आज राहू दे का?" मास्तर म्हणाले, "आज ओठांवर रंग आलाय. उद्या असेल?" तिसऱ्या दिवशी बारकी जिना चढता चढता मधेच बसली. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला. नऊ दिवस ती आईच्या इस्त्रीच्या टेबलामागच्या खाटेवर होती, कारण ती एकच जागा उबदार होती. दहाव्या दिवशी सकाळी ती गेली.

मास्तर मयताला आले. काळा कोट, टोपी हातात. आईशी दोन शब्द बोलले आणि निघताना टिंब्याला बाजूला घेऊन म्हणाले, "सोमवारी येशील ना? प्लास्टर वाळलंय."

तो सोमवारी गेला.

त्याआधी घरात एक गोष्ट घडली. घासकाकानं आईजवळ रडता रडता ओल्या कापडाचं सांगून टाकलं. आईला तोवर वाटत होतं पोरगी नुसती बसते. घासकाका गेल्यावर तिनं टिंब्याला विचारलं, "पाणी कोण घालत होतं?"

टिंब्यानं हात मागे घेतले. तो म्हणाला, "मास्तरांचा माणूस."

"कोण माणूस?"

"होता एक. गेला सोडून."

आईनं मान डोलावली. त्या दिवसापासून ती त्या माणसाला शिव्याशाप द्यायला लागली. मास्तरांना नाही, ते मोठे, त्यांना काय कळणार थंडी, असं ती म्हणे. पण ज्यानं हातानं पाणी ओतलं त्याला पोरगी कापतेय हे दिसलं असेल. टिंब्यापुढे ताट ठेवताना ती म्हणायची, "त्याचे हात झडोत." टिंब्या त्या हातांनी जेवायचा. आधी घास घशात अडके. दोनेक वर्षांनी अडकेनासा झाला. माणसाला कशाचीही सवय होते, आणि ही सवय तर दिवसातून दोनदा होत होती.

त्या दगडावर टिंब्यानं पाच महिने काम केलं. नऊशे चाळीस टिंबं काढली, इतकी कुठल्याच डोक्याला लागली नव्हती. मानेवरचा काटासुद्धा त्यानं उतरवला, अगदी बारीक खरखरीत ठेवून, आणि घासकाकाला तिथे हात लावू दिला नाही. मास्तरांनी त्याला नाव दिलं 'प्रभात'. मानाचं पदक मिळालं. परीक्षकांनी लिहिलं की इतकी शांतता दगडात क्वचित दिसते. फक्त एका परीक्षकानं नाकाबद्दल कुरकुर केली होती, ते जरा रस्त्यावरचं वाटतं म्हणून. समुद्रापलीकडच्या एका धनिकानं तो अर्धपुतळा उचलला आणि पेटीत घालून नेला. टिंब्यानं तो परत कधी पाहिला नाही.

मग मागणी सुरू झाली. ज्याच्या त्याच्या दिवाणखान्यात 'प्रभात' पाहिजे. दुसरी प्रत, तिसरी, चौथी. आणि प्रत्येक वेळी काम टिंब्याकडे येण्याआधी मास्तर कानस घेऊन प्लास्टरशी बसत. त्या परीक्षकाचं वाक्य त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. पहिल्या खेपेला त्यांनी नाकावरचा उंचवटा जरासा उतरवला. पुढच्या वेळी आणखी. मग ओठ बारीक केले. मग हनुवटीची खळी भरली. मूळ माती कधीच मोडून दुसऱ्या कामाला गेली होती, प्लास्टर एकच होतं, आणि टिंब्याची सुई प्लास्टर सांगेल तेच दगडाला सांगायची.

पाचव्या प्रतीच्या वेळी तो म्हणाला, "मास्तर, ती अशी नव्हती."

"कोण ती?"

टिंब्यानं प्लास्टरच्या नाकावर बोट ठेवलं. मास्तर समजले, आणि ते रागावलेही नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाले, "अरे, तुझी बहीण कुणाला पाहिजे? लोकांना पहाट पाहिजे."

अशा अकरा प्रती झाल्या. सातवी शहराच्या संग्रहालयानं घेतली. तेव्हा आई दुकान बंद ठेवून, बरी साडी नेसून ती पाहायला गेली. टिंब्या बरोबर होता. आई पुतळ्याभोवती एक फेरी मारून आली, मग दुसरी. तिनं हात पुढे केला तसा रखवालदार म्हणाला, "लांबून बघा, आजी."

"ही कोण बाई?" आईनं टिंब्याला विचारलं.

"बारकीच आहे."

"मला आंधळी समजतोस?" ती म्हणाली आणि बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन बसली.

नवव्या-दहाव्या प्रतीच्या सुमारास टिंब्याच्या लक्षात आलं की डोळे मिटले की त्यालाही आता प्लास्टरचीच बारकी दिसते. त्यानं लग्न केलं नाही. एकदोन ठिकाणी बोलणी झाली, पण दोन्ही वेळा त्यानंच अंग काढून घेतलं. आईच्या रोजच्या शापाखाली आणखी एका माणसाला आणून बसवायचं त्याच्या जिवावर आलं असावं.

मास्तरांची गाडी पंधरा-वीस वर्षं चांगली धावली. मंत्र्यांचे अर्धपुतळे झाले, कुलगुरूंचे झाले, एका नटीचा झाला. मग वारं फिरलं. लोकांना खडबडीत, तोडलेले, वाकडेतिकडे पुतळे आवडायला लागले. कोऱ्या डोळ्यांना वर्तमानपत्रात 'उकडलेली अंडी' म्हटलं गेलं. मास्तर ते कात्रण खिशात घेऊन फिरत आणि दिसेल त्याला वाचून दाखवत. घासकाका म्हातारपणानं काम सोडून गेला, बाकीचे दोघे कारागीरही गेले, टिंब्या राहिला. एकोणसत्तराव्या वर्षी मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली, तोंड एका बाजूला ओघळलं.

मास्तरांच्या बायकोला, कारखान्यात तिला बाई म्हणत, नवरा असतानाच त्यांचा अर्धपुतळा करून घ्यायचा होता. माती करणारं कोणी नव्हतं. टिंब्या म्हणाला, चेहऱ्यावरून थेट साचा घेतो. मास्तरांना खुर्चीत मागे रेलवलं, चेहऱ्याला तेल चोपडलं, नाकपुड्यांत दोन नळ्या घातल्या आणि टिंब्यानं ओलं प्लास्टर थापलं. प्लास्टर घट्ट होताना तापतं. मास्तरांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटायला लागला. टिंब्याला ठाऊक होतं साचा कधी सुटतो, आयुष्य त्यात गेलं होतं. ती वेळ झाली तेव्हा तो खिडकीशी गेला, बाहेर पाहिलं, पितळी चौकट पुसली, सुई पुसली. बाई आतून विचारत आली, "झालं का?" तेव्हा त्यानं साचा काढला. मास्तरांचा चेहरा लाल झाला होता, भुवईचे केस प्लास्टरला निघून आले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

चार महिन्यांनी दगड तयार झाला. त्यात मास्तर होते तसे होते. ओघळलेला ओठ, लोंबता गाल, एका डोळ्याची मिटत आलेली पापणी.

बाई हबकली. "तोंड सरळ करा की."

"मला बदलता येत नाही, बाई. मी मोजणारा माणूस."

मास्तरांनी आपला पुतळा पाहिला आणि डाव्या हातातली काठी टिंब्याच्या मनगटावर मारली. टिंब्याला दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी बाईनं पुतळ्यावर चादर टाकून तो कोळशाच्या खोलीत ढकलला, आणि टिंब्याला काही वाटेनासं झालं. दीड वर्षानं मास्तर गेले. कारखाना बंद झाला.

एकोणसाठ वर्षांच्या, फक्त एकच काम येणाऱ्या माणसाला कोण ठेवतो? पण संग्रहालयाच्या संचालकांनी ठेवलं. 'प्रभात'च्या मानेला चीर गेली होती, आणि तो दगड ज्याच्या हातचा तो माणूस मिळाला म्हणून ते खूश होते. पन्नाशीचा, सभ्य, हळू बोलणारा माणूस. टिंब्याला ते 'तुम्ही' म्हणत, खुर्ची देत. हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

बाईनं मास्तरांच्या जुन्या वह्या संग्रहालयाला दिल्या होत्या. महिन्याभरानं संचालकांनी त्यातली एक उघडून टिंब्याला वाचून दाखवली. "हे ऐका. 'मुलगी गरिबाघरची, मान उत्तम, नाक हलकं, ते पुढे दुरुस्त करीन. पाणी तिच्या भावालाच घालायला सांगितलंय, त्यामुळे पोरगी तक्रार करत नाही.' आणि महिन्याभरानं, 'मुलगी वारली. सुदैवानं चेहरा पुरा झाला होता.'" संचालकांनी वही मिटली. "मास्तरांना एक वेळ समजू शकतो, कलावंत असे असतात. पण तो भाऊ. माणूस म्हणायचा का त्याला? कोण होता, आठवतंय काही?"

"नाही साहेब," टिंब्या म्हणाला. "मी दगडाच्या खोलीत असायचो."

संचालक चिवट होते. त्या मुलीचं नाव पुतळ्याखाली लागलं पाहिजे, असं त्यांनी मनावर घेतलं. वर्तमानपत्रात निवेदन दिलं: कुणाला माहिती असल्यास कळवावं. शेजारणीनं ते टिंब्याच्या आईला वाचून दाखवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई दुसऱ्याच दिवशी काठी टेकत संग्रहालयात गेली. दारावर तिनं मुलाचं नाव सांगितलं, म्हणून तिला थेट आत सोडलं.

टिंब्याला बोलावणं आलं तेव्हा त्याच्या हातात चिरेत भरायची भुकटी होती. तो आत गेला तर आई संचालकांसमोर बसलेली, पुढे चहा, कपाला हात न लावलेला.

"तुमच्या आई म्हणतात, ती मुलगी यांची," संचालक म्हणाले. ते गोंधळले होते. "मी यांना वहीतला मजकूर आत्ताच वाचून दाखवला. यांच्या म्हणण्याप्रमाणे पाणी घालणारा दुसराच कुणीतरी होता. पण वहीत भाऊ लिहिलंय." ते थांबले. "यांना मुलं किती?"

आई टिंब्याच्या हातांकडे बघत होती. भुकटीनं ते मनगटापर्यंत पांढरे झाले होते.

टिंब्याला कळलं की आईला कळलंय. आता खोलीत एकच माणूस उरला होता ज्याला काही माहीत नव्हतं, आणि तो त्याला खुर्ची देणारा होता.

"म्हातारं माणूस आहे, साहेब," तो म्हणाला. "बहीण होती मला. तापानं गेली लहानपणी. आईला तेव्हापासून कुठेही मुलगी दिसली की तीच वाटते. पुतळासुद्धा चालतो."

संचालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि आईकडे फार मायेनं पाहिलं. "होतं असं," ते म्हणाले. "चहा घ्या, आजी." त्यांनी स्वतः दारापर्यंत येऊन तिला पायरी उतरवून दिली. टिंब्याला म्हणाले, आज काम राहू द्या, यांना घरी न्या.

पुढच्या आठवड्यात पुतळ्याखाली पाटी लागली. 'प्रभात. नमुना: अज्ञात मुलगी.' टिंब्यानंच तिचे खिळे ठोकले.

त्या दिवशी घरी येऊन आईनं काठी कोपऱ्यात ठेवली, पदर खोचला, चूल पेटवली, दोन ताटं वाढली. टिंब्या शापाची वाट बघत मान खाली घालून बसला. तेहतीस वर्षांत तो चुकला नव्हता.

आईनं पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला आणि अनोळखी पाहुण्याशी बोलावं तशा मऊ, परक्या आवाजात म्हणाली, "घ्या. जेवून घ्या तुम्ही."

त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "आई, काय म्हणालीस?"

"अजून वाढू का तुम्हाला?"

त्यानंतर ती अकरा महिने जगली. त्या अकरा महिन्यांत तिनं एकदाही आवाज चढवला नाही, त्या माणसाचे हात झडोत असंही परत म्हणाली नाही. त्याचे शर्ट पूर्वीपेक्षा कडक इस्त्री करून ठेवायची. सकाळी विचारायची, "तुम्ही कधी निघणार?" संध्याकाळी विचारायची, "आलात?" शेजारणीला वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. तिनं टिंब्याची समजूत घातली, वय झालं की माणसं विसरतात, मनावर घेऊ नका. टिंब्या म्हणाला, हो.

शेवटच्या दिवशी तो तिच्या उशाशी बसला होता. ती पुरती शुद्धीवर होती. शेजारणीला नावानं हाक मारली, दुकानाची किल्ली कुठे आहे ते नीट सांगितलं. टिंब्यानं तिचा हात धरला आणि म्हणाला, "आई, एकदा मला 'तू' म्हण."

तिनं हात सोडवून घेतला, तोही हळूच, समोरच्याला वाईट वाटू नये अशा बेतानं. "तुमचे हात फार गार आहेत," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.